गाडीच्या बॅटरीचे टर्मिनल: सुरक्षितपणे काढणे, साफ करणे आणि परत बसवणे

दहानंबर (धागाकर्ता)

पावसाळा सरला की एकच तक्रार सगळीकडून ऐकू येते: किल्ली फिरवली की टक-टक होतं, डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण सेल्फ घेत नाही. लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका. आधी बॉनेट उघडून टर्मिनल बघा. तिथे पांढरी किंवा निळसर पावडर जमली असेल तर अर्ध्या तासाच्या कामात गाडी पूर्ववत होण्याची चांगली शक्यता आहे. काम सोपं आहे, पण क्रम चुकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ ठिणगी अजिबात चालत नाही.

पुढे 'पोल' म्हणजे बॅटरीच्या डोक्यावरची शिशाची खुंटी, आणि 'क्लॅम्प' म्हणजे वायरीच्या टोकाचं, पोलावर बसणारं कडं.

सामान: दहा नंबरचा रिंग पाना (बहुतेक गाड्यांना हाच लागतो, काहींना आठ, बारा किंवा तेरा), पितळी तारांचा छोटा ब्रश, जुना टूथब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, अर्धा लिटर कोमट पाणी, दोन-तीन सुती फडकी, नायट्राइलचे किंवा जाड रबराचे हातमोजे, डोळे बाजूनेही झाकणारा चष्मा, थोडं व्हॅसलिन. पाना आखूड घ्या आणि तोंड सोडून बाकीच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. लांब पाना घरंगळून दुसऱ्या पोलाला किंवा बॉडीला टेकतो.

सुरुवात करण्याआधी हातातली अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढा. गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र लोंबत असेल तर काढून ठेवा. सोनं विजेचं उत्तम वाहक आहे. अंगठी पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये सापडली तर ती एका क्षणात तापून लाल होते आणि सुजलेल्या बोटातून निघत नाही.

गाडी मोकळ्या हवेत लावा. इंजिन बंद, किल्ली बाहेर, दिवे-रेडिओ बंद, मोबाइलचा चार्जर काढलेला. नुकतीच गाडी चालवून आला असाल किंवा बॅटरी चार्जरवर होती, तर बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेतो. म्हणून विडी, सिगारेट, काडी, लायटर यांतलं काहीही जवळ नको, आणि अंधारात बघायचं तर टॉर्चच वापरा. वाट बघण्याचं दुसरं कारण म्हणजे आजच्या गाड्यांतले कंट्रोल युनिट (छोटे संगणक) किल्ली काढल्यावरही काही मिनिटं जागे असतात.

आणखी एक: डिकी किंवा दारं फक्त रिमोटवर उघडणारी गाडी असेल तर चालकाच्या बाजूची काच खाली ठेवा आणि किल्ली खिशात ठेवा. बॅटरी सुटलेली आणि किल्ली आत अडकलेली, अशी वेळ येऊ देऊ नका.

आता क्रम. काढताना निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर. बसवताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. निगेटिव्ह म्हणजे वजाची खूण, बहुधा काळी वायर. पण वायरीच्या रंगावर विसंबू नका. कुणी वायर बदलली असेल तर रंग फसवतो. बॅटरीच्या प्लॅस्टिकवर पोलाशेजारी कोरलेली अधिक-वजाची खूण बघा. दुसरी खूण म्हणजे पॉझिटिव्ह पोल निगेटिव्हपेक्षा साधारण दीड मिलिमीटर जाड असतो.

क्लॅम्पचा नट पूर्ण काढू नका, तीन-चार फेरे सैल करा. मग क्लॅम्प हाताने डावीकडे-उजवीकडे अगदी थोडा फिरवत वर घ्या. चिकटला असेल तर त्यावर सोड्याचं कोमट पाणी टाकून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. स्क्रू ड्रायव्हर बॅटरीच्या झाकणावर टेकवून क्लॅम्प खालून उचकटू नका, हातोडीने तर ठोकूच नका. शिसं मऊ असतं आणि तो पोल आत प्लेटांच्या पट्टीला जोडलेला असतो. जोड तडकला की बॅटरी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून निकामी होते. क्लॅम्पच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून फट हलकेच रुंद करायला हरकत नाही. तेवढ्यानेही निघत नसेल तर टर्मिनल पुलर नावाचं छोटं साधन मिळतं, ते वापरा.

निघालेला निगेटिव्ह क्लॅम्प कोरड्या फडक्यात गुंडाळून बाजूला खोचा. जाड वायरीला स्वतःचा ताण असतो, सोडून दिली तर ती परत पोलावर येऊन टेकते. मग पॉझिटिव्ह काढा.

---

सांजवारा

फार उपयोगी. एक शंका: निगेटिव्हच आधी का? दोन्हीपैकी कुठलीही वायर काढली तरी सर्किट तुटतंच ना?

---

दहानंबर

सर्किट तुटतं, पण धोका पान्यामुळे असतो. गाडीची सगळी बॉडी, इंजिन आणि बॅटरीची पकडपट्टी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हच्या नटावर पाना लावला आणि त्याचं दुसरं टोक बॉडीला, बॉनेटच्या दांडीला किंवा पकडपट्टीला टेकलं, तर थेट शॉर्ट होतो. शेकडो अँपिअर वाहतात, पाना जागच्या जागी चिकटतो, ठिणग्या उडतात.

निगेटिव्हवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर काहीच होत नाही, कारण दोन्हीकडे एकच गोष्ट आहे. आणि निगेटिव्ह एकदा सुटलं की पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तरी करंटला परतायला वाट राहत नाही. बसवताना क्रम उलटा असतो तोही याच कारणाने.

फक्त एका पोलावरून दुसऱ्या पोलावर पाना आडवा पडला तर कुठलाच क्रम वाचवत नाही. म्हणून आखूड पाना आणि टेप. शिवाय एका पोलावर काम चालू असताना दुसऱ्यावर त्याची टोपी किंवा जाड कोरडं फडकं ठेवा.

---

रसायनशाळा

पावडरीबद्दल थोडं सांगतो, म्हणजे सोडा कशासाठी ते कळेल.

बॅटरीत पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक आम्ल असतं. चार्जिंगच्या वेळी निघणाऱ्या वायूबरोबर आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बाहेर येतात, आणि पोल जिथे प्लॅस्टिकमधून वर येतो त्या सीलमधूनही आम्ल झिरपतं. ते शिशावर बसलं की पांढरं लेड सल्फेट होतं. क्लॅम्पमधल्या किंवा वायरीतल्या तांब्यापर्यंत पोहोचलं की निळं-हिरवं कॉपर सल्फेट होतं, म्हणजे आपला मोरचूद. नुसती पांढरी पावडर असेल तर त्रास पोलाजवळ आहे. निळा रंग दिसला की समजा, तांबं खाल्लं जातंय.

मोरचूद पाण्यात विरघळतो, लेड सल्फेट जवळजवळ विरघळत नाही. म्हणून नुसतं पाणी ओतून काम पुरं होत नाही, घासावंच लागतं. सोडा उरलेलं आम्ल मारतो. फसफस येते ती कार्बन डायऑक्साइडची, आणि फसफस थांबली की त्या जागचं आम्ल संपलं असं समजायचं. अर्धा लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण तीस ग्रॅम सोडा पुरे. फारच जास्त टाकला तर विरघळत नाही, तळाशी बसतो.

सोडा म्हणजे खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि पीठ मिसळलेलं असतं. इनोही नको. त्यात सायट्रिक आम्ल असतं, ते पाण्यात पडताच सोड्याचा बराचसा भाग स्वतःच खाऊन टाकतं. ग्लासातली फसफस बघून वाटतं की काम होतंय, पण ती बॅटरीच्या आम्लाची नसते.

सगळ्यात महत्त्वाचं: सोड्याचा एक थेंबही बॅटरीच्या आत जाता कामा नये. आतलं आम्लच तर बॅटरी चालवतं, सोडा ते मारतो. पाणी भरायच्या बुचांची बॅटरी असेल तर सगळी बुचं घट्ट आहेत ना ते बघा. काही बुचांना वायू जाण्यासाठी बारीक भोक असतं. साफ करेपर्यंत त्यावर टेप लावा आणि काम संपल्यावर आठवणीने काढा. ती भोकं बंद राहिली तर वायू आत कोंडतो.

---

दहानंबर

धन्यवाद रसायनशाळा, आता साफसफाई.

आधी सुकी पावडर फुंकू नका आणि सुक्या ब्रशने उडवूही नका. त्यात शिसं आहे, ते श्वासात जातं. सोड्याचं पाणी चमच्याने थोडं-थोडं टाका, फसफसू द्या, टूथब्रशने घासा, फडक्याने टिपून घ्या. दोन-तीन वेळा करा. क्लॅम्प दोन्ही सुटले असतील तर सोड्याच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा, मात्र पॉझिटिव्ह क्लॅम्पवर फ्यूजची पेटी किंवा निगेटिव्हवर सेन्सरची डबी असेल तर तो क्लॅम्प बुडवू नका, ओल्या ब्रशनेच घासा.

मग साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने सोडा पुसून काढा. सुकलेला सोडा राहिला तर त्याचाही थर होतो. बॅटरीचा वरचा भागही पुसा. धूळ आणि आम्लाचा ओलसर थर दोन पोलांमध्ये बारीक करंट वाहू देतो, आणि उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.

इथे बरेच जण थांबतात. पावडर गेली, टर्मिनल स्वच्छ दिसतं, लावून टाकतात. पण करंट बाहेरच्या दिसणाऱ्या भागातून जात नाही, तो पोलाची बाजू आणि क्लॅम्पची आतली बाजू जिथे भेटतात तिथूनच जातो. त्या दोन पृष्ठभागांवर काळपट करडा थर असतो आणि तो सोड्याने निघत नाही. पोल पितळी ब्रशने किंवा पॉलिश पेपरने गोलाकार घासा. क्लॅम्पच्या आत पॉलिश पेपरची सुरळी घालून फिरवा. शिसं चकचकीत रुपेरी दिसलं की थांबा. त्यापुढे घासत राहिलात तर पोल बारीक होतो आणि क्लॅम्प ढिला बसतो. कानस आणि ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश या कामाला नकोत. टर्मिनल साफ करायचा दोन भागांचा खास ब्रश मिळतो, एक बाजू पोलावर फिरवायची, दुसरी क्लॅम्पच्या आत. ज्यांच्याकडे दोन-तीन गाड्या आहेत त्यांनी तो घ्यावाच.

सगळं पूर्ण कोरडं करा. मग पॉझिटिव्ह क्लॅम्प पोलावर अगदी खालपर्यंत दाबून बसवा, हाताने. ठोकू नका. पोलाचं डोकं क्लॅम्पच्या किंचित वर दिसलं पाहिजे. नट आवळा. टॉर्क रेंच असेल तर साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरे, नसेल तर आखूड पान्याने मनगटाच्या जोराएवढंच. क्लॅम्प हाताने फिरवून बघा, हलला नाही म्हणजे झालं. मग निगेटिव्ह. तो टेकताना छोटी ठिणगी येते, आतली युनिट चार्ज होतात म्हणून. ती नेहमीची आहे, पण एकदाच नीट टेकवा, चाचपडत टकटक करू नका. ठिणगी मोठी असेल तर काहीतरी चालू राहिलंय, ते आधी शोधा.

व्हॅसलिन सगळं आवळून झाल्यावर, बाहेरून, पातळ.

---

घाटमाथा

व्हॅसलिन आधी लावून मग क्लॅम्प बसवला तर आतही गंज धरणार नाही, असं आमच्याकडचे मेकॅनिक सांगतात. शिवाय काही जण चेसिसचं ग्रीस लावतात. आणि उकळतं पाणी ओतायची पद्धत तर सर्रास आहे. यांतलं काय बरोबर?

---

मल्टिमीटर

तिन्ही वेगवेगळे मुद्दे आहेत.

व्हॅसलिन वीज वाहत नाही. क्लॅम्प नीट आवळला तर ते बहुतेक दाबून बाहेर निघतं आणि गाडी चालते, म्हणून ती सवय टिकून आहे. पण क्लॅम्प जरा जुना, आकार बिघडलेला असेल तर मध्ये थर राहतो. धातूला धातू कोरडा भिडू द्यावा आणि वरून हवा-ओल अडवावी, हा क्रम निर्धोक.

चेसिसचं ग्रीस गंज अडवतं, पण त्यावर धूळ आणि रस्त्याची माती चिकटते, आणि पुढच्या वेळी खाली काय चाललंय ते दिसतच नाही. व्हॅसलिन बॉनेटखालच्या उष्णतेत वितळून ओघळतं, हा त्याचा दोष. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते फार टिकत नाही, मध्येच पुन्हा लावावं लागतं. टर्मिनलसाठीचा स्प्रे किंवा सिलिकॉन ग्रीस जास्त टिकतं.

उकळत्या पाण्याने पावडर झपाट्याने जाते हे खरं. पण ते आम्ल मारत नाही, फक्त खाली ढकलतं. खाली बॅटरीचा ट्रे, चेसिसचा पत्रा, कधी वायरींचा जुडगा असतो. वर्षभराने ट्रे गंजून भोक पडतं आणि कुणाला कारण समजत नाही. गार बॅटरीच्या प्लॅस्टिकवर एकदम उकळतं पाणी पडणंही बरं नाही. कोमट पाणी आणि सोडा, तेही चमच्याने. कोल्ड्रिंक ओतण्याचा प्रकारही टाळा, त्यात आम्लच असतं आणि साखर चिकटून राहते.

---

सांजवारा

अजून एक कळत नाही. हेडलाइट लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, मग बॅटरीचा जोड खराब आहे असं कसं म्हणायचं?

---

मल्टिमीटर

आकडे मांडून बघू. समजा गंजलेल्या जोडाचा रोध ०.०१ ओहम आहे. हेडलाइटला साधारण १० अँपिअर लागतात, म्हणजे त्या जोडावर ०.१ व्होल्ट जातो. दिव्याला फरक कळतही नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना १५० अँपिअरच्या आसपास मागतो. त्याच जोडावर आता १.५ व्होल्ट जातो. सेल्फला बाराऐवजी नऊ-साडेनऊच मिळतात, कारण सेल्फ मारताना बॅटरी स्वतःही खाली येते. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, पण मोटर फिरत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि तो सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढला जातो. तीच ती टक-टक.

हे मोजता येतं, अंदाजाची गरज नाही. साधा डिजिटल मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक प्रोब पोलाच्या शिशावर टोचा, दुसरा त्याच बाजूच्या क्लॅम्पवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. जोड चांगला असेल तर ०.१ व्होल्टच्या आत येतं. ०.२ च्या वर गेलं तर तो जोड उघडून साफ करा. ०.५ आलं तर १५० अँपिअरला तिथे ७५ वॉट उष्णता होते, दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर क्लॅम्प हाताला गरम लागतो. दोन्ही पोलांवर वेगवेगळं मोजा.

मग प्रोब निगेटिव्ह पोल आणि इंजिनच्या धातूवर ठेवून पुन्हा मोजा. टर्मिनल चकचकीत असूनही इथे जास्त आलं तर दोष निगेटिव्ह वायरीच्या दुसऱ्या टोकाला आहे, जिथे ती बॉडीला किंवा गिअरबॉक्सला बोल्टने बसते. तिथला गंज बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज घासून परत आवळावा.

बॅटरीची अवस्था बघायची तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा: १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. नुकत्याच चालवलेल्या गाडीवर मोजाल तर आकडा फुगलेला दिसतो. झाकणावरचा हिरवा ठिपका सहा सेलपैकी एकाच सेलचं सांगतो, त्यावर निर्णय घेऊ नका.

---

किनारपट्टी

आमच्याकडे मालवण-वेंगुर्ला भागात खारी दमट हवा. टर्मिनल साफ केलं तरी पुन्हा महिन्या-दोन महिन्यांत निळं होतं. क्लॅम्प बदलावा का?

---

दहानंबर

किनारपट्टी, खाऱ्या हवेने गंजाचा वेग वाढतो, पण निळी पावडर मुळात बॅटरीच्या आम्लाने होते. इतक्या लवकर परत येत असेल तर तीन गोष्टी तपासा.

एक, चार्जिंग. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या पोलांवर मोजा. साध्या अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) गाडीत १३.८ ते १४.५ व्होल्ट यावं. गरम इंजिनवरही १४.८ च्या वर राहत असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) जास्त चार्ज करतोय, बॅटरी उकळते आणि आम्ल बाहेर येतं. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

दोन, पाणी जास्त भरलंय का. वरच्या खुणेपर्यंतच भरायचं, बुचाच्या तोंडापर्यंत नाही. जास्तीचं पाणी चार्जिंगला वर येतं आणि आम्ल घेऊनच बाहेर पडतं. डिस्टिल्ड वॉटरच वापरा, आरओचं किंवा एसीतून गळणारं नको.

तीन, पोलाचं सील. स्वच्छ, कोरडं करून व्हॅसलिन न लावता आठवडाभर गाडी चालवा. पोलाच्या बुडाशी ओल दिसली आणि चार्जिंग ठीक असेल तर सील फुटलंय. त्याला वरून काही लावून उपयोग नाही. वॉरंटीत असेल तर बॅटरी परत करा.

क्लॅम्पचं म्हणाल तर आवरणाखाली वायर कशी आहे ते बघा. क्लॅम्पजवळ वायरीचं आवरण फुगलेलं, कडक लागत असेल तर हिरवा गंज आत चढला आहे. वायर चांगलं लालसर तांबं दिसेपर्यंत मागे कापा आणि दाबून बसवलेला नवा लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) लावा, शक्यतो कथील चढवलेला. रस्त्यावर दोन स्क्रूंच्या पट्टीखाली वायर दाबणारे क्लॅम्प मिळतात, ते तात्पुरते ठीक. उघड्या तांब्याच्या तारा तिथे पुन्हा गंजतात आणि कंपनांनी पट्टी सैल होते. किनाऱ्यावर पोलाच्या बुडाशी तेलात भिजवलेले फेल्टचे वॉशर घाला, लाल-हिरवे मिळतात. खर्च किरकोळ आणि पावडर बरीच कमी होते.

आणि क्लॅम्पची दोन टोकं एकमेकांना भिडली तरी तो पोलावर हलत असेल तर तो ताणला गेलाय. मधे खिळा, तार, सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालू नका. शिशाची पातळ पत्री मिळते ती घाला किंवा क्लॅम्प बदला.

---

घाटमाथा

अल्टरनेटर चालतोय का बघायला इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का बघायचं, ही जुनी परीक्षा चालेल का?

---

मल्टिमीटर

नाही. कुठल्याच आधुनिक गाडीवर नाही.

अल्टरनेटर भारावर असताना बॅटरी एकदम सुटली तर त्याच्या गुंडाळीतली ऊर्जा जायला जागा राहत नाही, आणि क्षणभर व्होल्टेज उसळतं. दाबून धरणारे डायोड नसतील तर बारा व्होल्टच्या गाडीत ते ऐंशी-शंभरपर्यंत जाऊ शकतं. इंजिनचा संगणक, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), म्युझिक सिस्टिम, अल्टरनेटरचे स्वतःचे डायोड, काहीही जाऊ शकतं. कार्ब्युरेटर आणि कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जुन्या गाडीत बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक्सच नव्हतं, म्हणून ती परीक्षा खपून जायची. वर दिलेल्या व्होल्टेजच्या मोजणीत तेच उत्तर मिळतं.

---

सावली

माझा प्रश्न नव्या गाडीचा. स्टार्ट-स्टॉप आहे (सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद-चालू होतं), निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटी प्लॅस्टिकची डबी आणि तिला बारीक वायर. तीही काढायची का? आणि बॅटरी काढल्यावर सेटिंग उडतात म्हणून ओबीडीला (गाडीची तपासणी करायचं सॉकेट) जोडायचा मेमरी सेव्हर घ्यावा का?

---

दहानंबर

सावली, ती डबी बॅटरी सेन्सर आहे, बॅटरीतून किती करंट जातो-येतो ते मोजते. तिला धरून क्लॅम्प ओढू नका, तिच्यावर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवू नका, पाणी टाकू नका. क्लॅम्पचा नट सैल करून क्लॅम्पच्याच धातूला धरून वर घ्या. बारीक वायरीची क्लिप बहुधा काढावी लागत नाही. पॉझिटिव्हवर फ्यूजची पेटी असेल तर फक्त पोलाभोवतीचा नट सैल करा, फ्यूजचे नट उघडू नका. आणि तो क्लॅम्प पिळून काढू नका, पेटीचं प्लॅस्टिक तडकतं.

मारुतीच्या दीड लिटर पेट्रोल स्मार्ट हायब्रिडमध्ये, उदाहरणार्थ एर्टिगात, नेहमीच्या बॅटरीखेरीज सीटखाली छोटी लिथियम बॅटरीही असते. तिला घरी हात लावू नका. बॉनेटखालचं टर्मिनल काढलं म्हणजे सगळी गाडी निर्जीव झाली असंही तिथे धरू नका. त्या गाड्यांचं मॅन्युअल आधी वाचा. इलेक्ट्रिक गाडीतही छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, पण नारिंगी वायर दिसली की तिथून हात दूर.

मेमरी सेव्हर या कामासाठी घेऊ नका. तो मागच्या दाराने बारा व्होल्ट देत राहतो. क्लॅम्प बॅटरीवरून काढला तरी पॉझिटिव्ह क्लॅम्प जिवंतच असतो, आणि तो बॉडीला टेकला की फ्यूज उडतो किंवा त्याहून वाईट. ज्या सुरक्षिततेसाठी निगेटिव्ह आधी काढतो तीच जाते.

उडणाऱ्या गोष्टी बहुतेक घरीच परत येतात. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं लावायची. जुन्या रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. एका स्पर्शात वर जाणारी काच पूर्ण वर घेऊन बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवायची. स्टिअरिंगचा किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवा लागला तर इंजिन चालू करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं सरळ चालवा, बहुधा जातो. इंजिन सुरुवातीला जरा अडखळत चालेल, एसी बंद ठेवून पाच-दहा मिनिटं आयडलवर राहू द्या. स्टार्ट-स्टॉप मात्र लगेच चालणार नाही. सेन्सरला बॅटरीचा अंदाज पुन्हा घ्यायला गाडी काही तास बंद उभी राहावी लागते. त्याला बिघाड समजून धावपळ करू नका.

---

रसायनशाळा

दोन गोष्टी राहून जातील म्हणून लिहितो.

आम्ल डोळ्यात उडालं तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या धरून, किमान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. डोळ्यात सोड्याचं पाणी घालू नका. त्वचेवर पडलं तरी आधी भरपूर पाणी. काम सुरू करण्यापूर्वीच पाण्याची भरलेली बादली जवळ ठेवा, नंतर शोधायची वेळ नसते. सुती कपड्यावर उडालेला थेंब त्या दिवशी दिसत नाही, धुतल्यावर तिथे भोक पडतं. जुने कपडे घाला.

दुसरं, मळलेल्या पाण्यात शिसं आणि तांबं असतं. ते कुंडीत, विहिरीजवळ किंवा गुरांच्या पाण्याच्या वाटेवर टाकू नका. फडक्याने टिपून ते फडकं वेगळ्या पिशवीत घाला आणि जुनी बॅटरी परत घेणाऱ्या दुकानात विचारून द्या. शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर हे काम करू नका, तो चुनखडीचा दगड आहे, आम्लाचा थेंब पडला की कायमचा डाग. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. हातमोजे काढल्यावर साबणाने हात धुवा, त्याआधी तंबाखू, चहा, काही नाही. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

---

किनारपट्टी

धन्यवाद. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हीच पद्धत का?

---

मल्टिमीटर

साफसफाई तीच. आधी इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद करा, मग त्याचा प्लग भिंतीतून काढा. प्लग राहिला तर तो चार्ज करतच राहतो आणि खोलीत वायू साठतो. खिडक्या उघडा. दोन बॅटरी जोडलेल्या असतील तर व्होल्टेज चोवीस असतं आणि पोल जवळजवळ असतात, त्यामुळे पान्याचा शॉर्ट हाच मोठा धोका. वायरी कुठून कुठे गेल्यात त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मगच पहिला नट सैल करा. परत जोडताना इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर भरतात म्हणून गाडीपेक्षा मोठी ठिणगी येते. तेव्हा शेवटचा जोड बुचांपासून तोंड लांब ठेवून, एकाच झटक्यात करा.

---

सावली

किती दिवसांनी बघावं?

---

दहानंबर

वर्षातून दोनदा उघडून: पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर. एरवी इंजिन ऑइलची काडी बघता तेव्हा टर्मिनलवर नजर टाका आणि क्लॅम्प हाताने हलवून बघा. त्याच वेळी बॅटरी दोन्ही हातांनी ढकलून बघा. ती ट्रेमध्ये हलत असेल तर पकडपट्टीचे नट आवळा. खड्ड्यांत हलणारी बॅटरी पोलावर ताण देते, सील तिथेच फुटतं आणि पावडर पुन्हा सुरू होते. पकडपट्टी मात्र प्लॅस्टिक दबेल इतकी आवळू नका.

दुचाकीलाही हाच क्रम. फक्त तिथे स्क्रू छोटा आणि त्यामागचा चौकोनी नट सुटा असतो, तो खाली पडला तर शोधायला सीटखालचं सगळं काढावं लागतं. नटाखाली फोमचा तुकडा सरकवून ठेवा, मग स्क्रू फिरवा.